सोंगाड्याचे मार्क

आबामास्तर मेलेल्या फोटोग्राफरांचे पेपर तपासत असत.

थट्टा नाही करत. रत्नागिरीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. तिथे रोज साडेअकराला मास्तर हजर. पांढरा शर्ट, खिशाला तांबडी पेन्सिल आणि काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात बिस्किटं असतील अशा आशेने माझ्या दुकानात काम करणाऱ्या दोन मुली पहिल्या दिवशी पुढे झाल्या आणि हिरमुसून मागे फिरल्या. आत इंग्रजांच्या काळातली चित्रांची पोस्टकार्डं होती. इकडे नोकरीला आलेले साहेब विलायतेतल्या आत्या-मावश्यांना धाडत, ती. पुढच्या बाजूला आपल्यातलाच कोणीतरी उभा केलेला आणि खाली छापलेलं: 'नेटिव्ह बार्बर', 'हिंदू फकीर', 'फिशरवूमन'. कार्ड फिरवलं की मागे साहेबाचं अक्षर. प्रिय आत्या, इथे उकाडा फार आहे, हा इथला न्हावी, कळावे.

मास्तरांचे जुने विद्यार्थी परदेशात पसरलेले. तिथल्या जुन्या बाजारात कार्ड दिसलं की ते मास्तरांना पाठवत. मास्तर ते डोळ्यांशी नेत, स्वतःशी हुंकार भरत आणि मागच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने दहापैकी मार्क देत. मार्कांखाली लिहीत, 'नाव:' आणि पुढे जागा मोकळी. जुनी कार्डं जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ एकदा डबा बघायला आले होते. शंभर वर्षांच्या कार्डावर तांबडी पेन्सिल बघून ते खालीच बसले. "अहो, हे तुम्ही काय केलंत?"

"तपासलं," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं कोणी तपासलंच नव्हतं."

तपासण्याची रीत ठरलेली. "आधी हात बघायचा, मग पडदा बघायचा, तोंड सगळ्यात शेवटी. तोंडावर साहेब फसतो." माडावर चढणाऱ्या माणसाचं एक कार्ड होतं. त्याच्या उजव्या हातात कोयता. मास्तर मला विचारत होते, "हा कोयता हातात घेऊन चढतो, मग माड कशाने धरतो गो? दातांनी? कमरेला आकडी कुठाय?" आमच्याकडे माडावर चढणारा कोयता कमरेमागच्या आकडीला अडकवतो हे शेंबडं पोर सांगेल. दोन मार्क. एका कोळणीच्या डोक्यावर पाटी होती, पण पाटीखाली चुंबळ नव्हती. "टाळू फुटेल मेलीची! बिचारीला सांगितलं असणार, हस आणि उभी राहा." तीन मार्क, त्यातला एक तिच्या हसण्याला. एका भिश्त्याच्या पाठीवर पखाल, आणि माणूस झेंडावंदनाला उभा असल्यासारखा ताठ. "पखाल रिकामी आहे. भरलेली असती तर मान पुढे आली असती. साहेबाला पाणी नको होतं, चित्र हवं होतं." एक मार्क.

मी म्हणायची, "मास्तर, साहेब मेले, त्यांची आत्या मेली. आता नापास करून काय उपयोग?"

"नापास हा उपयोगासाठी नसतो. तो नापास असतो म्हणून नापास."

ह्याचा अनुभव मला होता. सातवीत मास्तर आम्हाला चित्रकला शिकवत. फळ्यावर रेघ ओढताना त्यांची डाव्या हाताची करंगळी टेकायची आणि रेघ पुसायची, कारण ती करंगळी आत वळलेली, कोयरीच्या टोकासारखी. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या तशी करंगळी करून मास्तर व्हायचो. तर एकदा त्यांनी माड काढायला सांगितला. मी पुस्तकातला बघून काढला, समुद्रावर वाकलेला, शेजारी होडी, मागे अर्धा सूर्य. फार छान जमला होता. मला शून्य मिळालं.

"तुझ्या दारात किती माड आहेत?"

"सात."

"त्यातला एकतरी असा पाय घसरल्यासारखा वाकलाय?"

घरी शून्य दाखवायची सोय नव्हती. मी आईचं कुंकू पाण्यात कालवलं, काडेपेटीच्या काडीने शून्याअलीकडे एक ओढला आणि दहा करून टाकले. वडील खूश झाले, सही केली. मास्तरांनी मात्र कागद हातात घेऊन हुंगला. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "शून्य माझं आहे. हा एक कोणाचा?"

मी रडत म्हटलं, "माझा."

"मग मिळवून दाखव. मी शून्य खोडणार नाही. दिलेले मार्क मी खोडत नाही." आणि मला बाकावर उभं केलं. नंतर तीन दिवस शाळेमागच्या माडाखाली बसवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या माडाला खरखरीत साल आली, झावळ्या खाली आल्या, आणि मला चार मार्क मिळाले. ते शून्य कागदावर तसंच राहिलं. आईने कुंकवाचा करंडा वरच्या फळीवर हलवला तो कायमचा.

डब्यात एक पाकीट वेगळं होतं. त्यावर मास्तरांनी लिहिलं होतं, 'सोंगाड्या'. त्यात तीन कार्डं. एकात न्हावी, एकात फकीर, एकात खानसामा, आणि तिन्हींत माणूस एकच! हे मास्तरांनी कानावरून ओळखलं होतं. "दाढी चिकटवता येते, कान नाही चिकटवता येत." शिवाय मागचा रंगवलेला पडदा एकच, त्यावर जिना आणि फुलांची कुंडी, आणि कुंडीखाली चौकोनी ठिगळ. फकीर जंगलात बसलाय आणि मागे जिना.

ह्या सोंगाड्यावर मास्तरांचा विलक्षण राग. बाकीच्या कार्डांवर मार्क फोटो काढणाऱ्या साहेबाला असत, समोरच्या माणसाबद्दल मास्तर हळवे होत. ह्या एकाला मात्र त्यांनी माणसालाच शून्य दिलं होतं, तिन्ही कार्डांवर, ठसठशीत. "कोळणीला काय ठाऊक, कशाला उभं केलंय. पण ह्याला ठाऊक होतं. आज न्हावी, उद्या फकीर! साहेबाने सांगितलं माकड हो, तर झाडावर बसला असता. वस्तरा कसा धरलाय बघ, गिऱ्हाइकाचा कान जाईल. ह्याच्यासारख्यांमुळे आत्याबाईला वाटलं की आपण सगळे असेच."

"पोटासाठी केलं असेल हो."

"पोट सगळ्यांनाच असतं," मास्तर म्हणत आणि डब्याचं झाकण दाबून लावत.

आता ह्या गोष्टीत भाई आले. भाई म्हणजे मास्तरांचे चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठे, राहायला केळशीला, आंब्याची बाग, आवाज बागेच्या ह्या गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत जाणारा. त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं मनावर घेतलं होतं. म्हणजे मूळ पुरुषापासून कालपरवा जन्मलेल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं, कोण कुठे, कोणाची सून कुठली. त्याची जुळणी माझ्याकडे. कोकणात दोन चुलतभावांचं बांधावरून पटत नसलं तरी कुलवृत्तांतात ते शेजारी छापले जातात.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर येणार होते आजोबा. आबामास्तर आणि भाई दोघांचे आजोबा, गोविंदराव. मास्तरांच्या जन्माआधीच वारलेले. केळशीच्या घरात त्यांचा फोटो होता, जरीचं पागोटं कानांवरून खाली आलेलं, कल्लेदार मिशा, अंगात किनखाबी झगा. घरची गोष्ट अशी की गोविंदराव मुंबईला गेले, तिथे एका संस्थानिकाच्या मर्जीत बसले आणि मानकरी झाले. फोटोला दर दसऱ्याला हार.

साहेबाला नापास करणारे मास्तर ह्या फोटोपुढे मात्र विरघळत. मी मुद्दाम खोडी काढली, "मास्तर, आजोबांना किती मार्क?"

"त्यांना कोण मार्क देणार? त्यांना कोणी उभं केलेलं नाही. ते आपल्या पोशाखात, आपल्या इतमामात उभे आहेत. आपल्या माणसाचा फोटो कसा असावा, तर असा."

"हात बघितलात?"

"हात पुठ्ठ्याखाली गेलेत." फोटोभोवती लंबगोल कापलेला पुठ्ठा होता, त्यातून छातीपर्यंतच दिसायचं. "पण आमच्या घरातला हात बघावा लागत नाही हो."

भाईंनी फोटो फ्रेमीसकट पाठवला. काच चमकत होती, स्कॅन नीट येईना. भाईंना फोन करून विचारलं, त्यांनी परवानगी दिली, आणि मी मागचे खिळे काढून फोटो बाहेर घेतला. पुठ्ठा सुटला. पुठ्ठ्याखाली पूर्ण माणूस होता. हातात तलवार, पायात काही नाही. झगा पोटऱ्यांपर्यंतच, कुठल्यातरी बुटक्या माणसासाठी शिवलेला. मागे जिना. जिन्याजवळ कुंडी. कुंडीखाली चौकोनी ठिगळ.

हे ठिगळ मी डब्यातल्या कार्डांवर बघितलेलं होतं. तरी म्हटलं, पडदा काय, फोटोग्राफरकडे शंभर जण येत असतील. मास्तरांनीच शिकवलं होतं, आधी हात. तलवारीच्या मुठीवर उजवा हात होता, आणि डावा मांडीवर सोडलेला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तो मोठा केला. करंगळी आत वळलेली, कोयरीच्या टोकासारखी. सोंगाड्याची कार्डं माझ्याकडे स्कॅन केलेली होतीच. न्हाव्याचा डावा हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. मोठा केला. तीच करंगळी.

खरं सांगते, मला ते लपवावंसं वाटलं. पुठ्ठा परत लावला असता तर कोणाला कळणार होतं? मास्तरांचं वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर एकाच माणसाला त्यांनी मार्कांच्या वर मानलं होतं, तो हा. त्या रात्री मी जेवले नाही असं काही नाही, जेवले, पण चव लागली नाही. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, मास्तरांचे आजोबा सापडले. हे म्हणाले, हरवले कधी होते?

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मास्तर आले. मी दोन्ही हात स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. ते चष्मा पुसून बघत राहिले. मग पडदा बघितला, ठिगळ बघितलं. तोंड सगळ्यात शेवटी बघितलं. मग स्वतःचा डावा हात वर करून त्यांनी तो उजेडात धरला, जसा काही कोणी दुसऱ्याने तो त्यांच्याकडे ठेवायला दिला होता.

"मास्तर, तुमच्या नजरेतून करंगळी कशी सुटली हो? कान ओळखलात, वस्तरा ओळखलात."

"सुटली नाही. बघितली होती." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पण आमच्याकडे सगळ्यांची अशीच. बाबांची, भाईची, माझ्या लेकीची. मला ती सरळच वाटत होती गो."

डबा न घेताच ते उठले. आठ दिवस आले नाहीत. मुलींनीसुद्धा साडेअकराला दरवाज्याकडे बघायला सुरुवात केली. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा लेकीने सांगितलं, "बाबा पडवीत बसलेत. बरे आहेत. फक्त बोलत नाहीत." मास्तर बोलत नाहीत ही बातमी आमच्या गल्लीत कोणाला खरी वाटेना.

नवव्या दिवशी आले ते भाईंना घेऊनच. भाई केळशीहून पहाटेच्या एसटीने निघालेले, त्यामुळे आधीच तापलेले. मी चारही चित्रं छापून काउंटरवर मांडली. भाईंनी ती बघितली आणि त्यांचा आवाज कोर्टापर्यंत गेला असावा.

"आबा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आजोबांना न्हावी करून छापायचं?"

"मी नाही केलं. साहेबाने केलं. झगा घालून राजाही साहेबानेच केला."

"राजाचं वेगळं आहे!"

"काय वेगळं आहे? भाई, पडदा एकच आहे. ठिगळावर बोट ठेव. तोच पडदा राजामागे खरा आणि न्हाव्यामागे खोटा, असं कसं? झगा त्यांचा नाही, वस्तरा त्यांचा नाही. ह्या चार चित्रांत आपल्या घरचं एकच आहे, ती करंगळी."

"लोक हसतील."

"हसू देत. इतकी वर्षं मी हसलो, त्यांचा नातू. मला शिक्षा नको?" मास्तर स्टुलावर बसले. "मी त्यांना तीनदा शून्य दिलं भाई. सोंगाड्या म्हटलं. साहेबाने नाव विचारलं नाही एवढंच. मी तर नाव ठाऊक असून ओळखलं नाही. गोविंदा मुंबईला गेला तेव्हा काय झालं असेल कुणास ठाऊक. फोटोवाल्याची पेटी उचलत असेल, पडदा टांगत असेल. ज्या दिवशी न्हावी आला नसेल त्या दिवशी म्हणाले असतील, तू उभा राहा. आणि त्या पैशातून तुझे वडील शिकले आणि माझे वडील शिकले. मग मी शिकलो आणि त्यांना नापास केलं."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. माझ्याही डोळ्यांत होतं, मी झेरॉक्सच्या मशिनकडे वळले. भाईंनी आपला डावा हात काउंटरवर, चित्रांच्या शेजारी ठेवला आणि करंगळीकडे बघितलं.

"चहा सांग गो," ते मला म्हणाले. अर्धा कप संपल्यावर भाई म्हणाले, "चारही छाप. खाली संस्थान, मानकरी काही नको. नाव आणि गाव." मग थोड्या वेळाने, "पण राजाचा जरा मोठा छाप."

"चारही सारखेच," मास्तर म्हणाले.

"तू गप्प बस. मोठा मी आहे."

शेवटी राजाचा फोटो मी दोन सुतांनी मोठा ठेवला. मास्तरांनी पट्टी लावून मोजला आणि माझ्याकडे बघितलं, पण भाईंकरता सोडून दिलं. कुलवृत्तांत छापून आला. मास्तरांनी पहिली प्रत घेतली, तांबड्या पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि मला दहापैकी सहा दिले. समारंभाला भाई केळशीत सगळ्यांना पहिलं पान उघडून दाखवत होते, "बघा, आमचे आजोबा. चार वेशांत. आहे कोणाचा असा आजोबा?" हे वाक्य त्यांना कोणी सुचवलं नव्हतं.

त्यानंतर सहा महिन्यांनी मास्तर गेले. पडवीत, खुर्चीतच, दुपारचा चहा अर्धा ठेवून. तेरावा झाल्यावर त्यांची लेक डबा घेऊन दुकानात आली. म्हणाली, "बाबा म्हणायचे, हा वैशूला द्या. तिला तपासायला येतं." मी तो डबा काही दिवस उघडला नाही. साडेअकरा वाजले की तो काउंटरवर ठेवायचे एवढंच.

एकदा दुकानात कोणी नसताना उघडला. कोळीण, भिश्ती, दातांनी माड धरणारा, सगळे आपापले मार्क घेऊन जागेवर होते, आणि सगळ्यांच्या नावाची जागा मोकळी. पाकिटावरचं 'सोंगाड्या' खोडून तिथे 'आजोबा' लिहिलं होतं. तिन्ही कार्डांवर 'नाव:' पुढे लिहिलं होतं, 'गोविंद, केळशी'.

मार्कांकडे मी सगळ्यात शेवटी बघितलं. शून्य तसंच होतं, ठसठशीत. दिलेले मार्क मास्तर खोडत नसत. पण त्या शून्याअलीकडे तांबड्या पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली होती. तिन्ही कार्डांवर. मी कार्ड नाकाशी नेलं, कुंकवाचा वास येतो का बघायला. शाळेत कुणी हा उद्योग केला असता तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं, हे मी खात्रीने सांगते. शेवटच्या कार्डावर, न्हाव्याच्या, साहेबाच्या आत्याच्या पत्त्याखाली थोडी जागा उरली होती. तिथे मास्तरांनी लिहिलं होतं:

'शून्य माझं. एक त्यांचा.'